संगणकाच्या पुस्तकालाही मुदत असते

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : वेब व डेटाबेस प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांची निवड

महोदय,

जून महिना लागला की बी.सी.ए., बी.एस्सी. संगणकशास्त्र आणि तंत्रनिकेतनातील संगणक पदविकेला प्रवेश घेतलेली मुले-मुली पालकांसह पुस्तकांच्या दुकानात येतात आणि ‘वेब प्रोग्रॅमिंगचे एखादे चांगले पुस्तक द्या’ एवढेच सांगून दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत राहतात. दुकानदार जे खपते ते काढून देतो. त्यात त्याची काही चूक नाही. औषधाच्या पाकिटावरची मुदत पाहून मगच पैसे देण्याची सवय आपल्याला लागली आहे. संगणकाच्या पुस्तकालाही तशी मुदत असते, आणि त्याच पुस्तकातील काही प्रकरणांना ती मुळीच नसते, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. त्यासाठी हे पत्र.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल आणि चादर कारखान्यांच्या कार्यालयांसाठी सुताचा साठा, बिले आणि कामगारांची मजुरी यांचा हिशेब ठेवणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करण्यासाठी माझ्याकडे येतात आणि येताना आपापली पुस्तके घेऊन येतात. त्या पुस्तकांवरूनच त्यांचे काय अडणार आहे याचा मला बराचसा अंदाज येतो.

गेल्या दिवाळीनंतर एक विद्यार्थिनी ग्रंथालयातून आणलेले जाडजूड पुस्तक घेऊन आली. डेटाबेसशी, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या साठ्याशी, जोडणी करणारा त्यातला पहिलाच प्रोग्रॅम तिने अक्षर न् अक्षर पडताळून उतरवला होता, तरी तो चालेना, आणि आपलेच कुठेतरी चुकते आहे अशा समजुतीने तिचे दोन दिवस त्यात गेले. वास्तविक पीएचपी या भाषेतून मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणी करणारे ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ आणि त्याच्या कुळातली सगळी जुनी फंक्शन (भाषेतल्या तयार आज्ञा) २०१३ साली आलेल्या ५.५ या आवृत्तीत ‘यापुढे वापरू नयेत’ म्हणून जाहीर झाली होती, आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून ती काढूनच टाकण्यात आली. जी फंक्शन भाषेतच उरली नाहीत, ती पाठ करून ही मुलगी संगणकाशी बोलू पाहत होती. पुस्तकावर साल पाहावे तर २०१८. नीट पाहिल्यावर उलगडा झाला, की ते पुनर्मुद्रणाचे साल होते. आवृत्ती पहिलीच, आणि ती २००९ ची.

म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर मुखपृष्ठाच्या आतले, प्रकाशनाची माहिती देणारे पान आधी वाचावे. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. नवी आवृत्ती म्हणजे लेखकाने निदान पुन्हा एकदा त्यावर नजर टाकलेली. हा फरक कादंबरीच्या वाचकाला ठाऊक नसला तरी चालतो, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याचे मात्र त्यावाचून अख्खे सत्र वाया जाऊ शकते.

त्यानंतर डेटाबेसशी जोडणीचे प्रकरण उघडावे. पीएचपीच्या पुस्तकात तिथे ‘पीडीओ’ किंवा ‘मायएसक्यूएलआय’ हे जोडणीच्या नव्या पद्धतींचे शब्द असायला हवेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ ही आज्ञा आणि तिच्यातली मूल्ये वेगवेगळी देण्याची रीत अगदी पहिल्या उदाहरणापासून वापरलेली असायला हवी. तिचे महत्त्व एका आडनावावरून कळते. डिसूझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर वर एक स्वल्पविराम येतो. ग्राहकाचे नाव उचलून तसेच एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेच्या, वाक्याला चिकटवले, तर संगणक त्या खुणेला अवतरणचिन्ह समजतो, वाक्य मध्येच तुटते आणि बिल होत नाही. हे झाले निरुपद्रवी ग्राहकाबद्दल. त्याच फटीतून कोणी जाणूनबुजून नावाच्या रकान्यात एसक्यूएलचीच आज्ञा लिहिली, तर सगळी खाती वाचता येतात किंवा पुसूनही टाकता येतात. यालाच ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. जी पुस्तके पाचशे पाने मूल्ये वाक्याला चिकटवत राहतात आणि शेवटी ‘सुरक्षितता’ नावाचे दहा पानांचे प्रकरण जोडतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. विद्यार्थ्याच्या हाताला जे वळण लागायचे ते तोवर लागून गेलेले असते.

पासवर्ड साठवण्याच्या उदाहरणावरूनही पुस्तकाचे खरे वय कळते. तिथे ‘एमडी५’ ही आता सहज फोडता येणारी जुनी पद्धत वापरायला सांगितली असेल तर पुस्तक खाली ठेवावे. पीएचपीत त्यासाठी ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन २०१३ पासून उपलब्ध आहे. पायथॉन या भाषेच्या पुस्तकात ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस नसेल, तर ते पायथॉन २ चे आहे आणि त्या आवृत्तीचे आयुष्य १ जानेवारी २०२० रोजी संपले. पानाची रचना टेबलच्या चौकटींनी करायला लावणारी, अक्षरांना रंग देण्यासाठी ‘फॉन्ट’ हा टॅग वापरणारी आणि आता बंद पडलेल्या फ्लॅशचे कौतुक करणारी पुस्तके अजून दुकानांत दिसतात, त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

एक परीक्षा मात्र आपल्या मराठी माणसांची खास आहे. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत ‘युनिकोड’ हा शब्द शोधावा, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत. पुष्कळ विद्यार्थ्यांचे प्रकल्प इंग्रजीत नीट चालतात आणि कामगारांची नावे मराठीत भरली की सगळीकडे प्रश्नचिन्हेच प्रश्नचिन्हे उमटतात. मायएसक्यूएलची मूळ, म्हणजे आपण वेगळे काही सांगितले नाही तर आपोआप लागू होणारी, लिपी-मांडणी पूर्वी ‘लॅटिन१’ ही असे, तिला देवनागरी ठाऊकच नव्हती. २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीपासून युनिकोडची ‘यूटीएफ८एमबी४’ ही मूळ मांडणी झाली. पण जुन्या पुस्तकावरून टेबल (माहितीचा तक्ता) बनवणारा विद्यार्थी ‘लॅटिन१’ हे शब्द हाताने लिहून तोच जुना दोष नव्या डेटाबेसमध्ये आणतो. शिवाय ‘सोलापूर’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसला तरी काने, मात्रे आणि उकार वेगळे धरले जात असल्याने संगणकाच्या लेखी त्याची सात अक्षरे होतात. नावासाठी वीस अक्षरांची जागा ठेवून ती पुरेल असे मानणाऱ्याला पद्मशाली वस्तीतली लांबलचक आडनावे पुढे चांगलाच धडा शिकवतात.

माझी स्वतःचीही फजिती झालेली आहे. मी शिकत होते तेव्हा ज्या पुस्तकाच्या आधारे पहिला हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला, त्यात रकमेसाठी ‘फ्लोट’ हा प्रकार वापरला होता आणि मीही डोळे मिटून तोच वापरला. या प्रकारात संख्या द्विमान पद्धतीने, जवळपासच्या किमतीला साठवली जाते, १२,३४,५६७.८९ ही रक्कम प्रत्यक्षात १२,३४,५६७.८७५ अशी बसते. एका बिलात दीड पैसा इकडे-तिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण मार्चअखेरीस वर्षाची बेरीज आणि कारकुनाची वही जुळेना, तेव्हा त्या कारखान्याच्या वयस्कर हिशेबनिसांनी मला शांतपणे विचारले, ‘बाई, हे पैसे गेले कुठे?’ उत्तर शोधायला मला चार रात्री लागल्या. रकमेसाठी ती नेमकी साठवणारा ‘डेसिमल’ हा प्रकार असतो, हे एकच वाक्य त्या पुस्तकात असते तर पुरे होते. तेव्हापासून कोणत्याही डेटाबेसच्या पुस्तकात मी आधी रुपये-पैशांचा रकाना कसा मांडला आहे ते पाहते.

आता जे जुने होत नाही त्याविषयी. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली संबंधात्मक डेटाबेसची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत माहिती ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी तोच विचार आहे. एकाच ग्राहकाचा पत्ता प्रत्येक बिलात पुन्हा लिहू नये, ग्राहकाचे टेबल वेगळे आणि बिलाचे वेगळे ठेवून दोन्हींना क्रमांकाने जोडावे, म्हणजे पत्ता बदलला तर तो एकाच जागी दुरुस्त करावा लागतो, हे ‘नॉर्मलायझेशन’ चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून शिकले तरी काही बिघडत नाही. वेगळ्या टेबलांतली माहिती जोडून काढण्याच्या ‘जॉइन’ची गोष्ट तीच. ‘ट्रान्झॅक्शन’चीही तीच : गोदामातून पन्नास टॉवेल कमी करणे आणि त्यांचे बिल तयार होणे या दोन्ही गोष्टी झाल्या तर एकत्र व्हाव्यात, मध्येच वीज गेली तर एकही होऊ नये. पॉवरलूमच्या गावात वीज जाणे म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही, त्यामुळे हा विषय आपल्याकडे इतका नीरसपणे का शिकवला जातो याचे मला नेहमी नवल वाटते.

यावरून माझे म्हणणे असे आहे, की विद्यार्थ्याने एका पुस्तकात सगळे शोधू नये. ‘वेब, डेटाबेस, डिझाइन, सर्व काही एकाच ग्रंथात’ असे वचन देणाऱ्या पुस्तकात डेटाबेसच्या वाट्याला तीस पाने येतात, आणि तीस पानांत टेबल कसे तयार करावे एवढेच होते. ते कसे विचार करून आखावे हे राहून जाते. मूलतत्त्वांचे एक पुस्तक घ्यावे, ते जुने, वापरलेले, निम्म्या किमतीचे असले तरी चालेल. भाषेचे आणि साधनांचे पुस्तक मात्र ताजे घ्यावे, आणि ते परवडत नसेल तर ते विकत न घेता अधिकृत दस्तऐवज वाचावेत. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची संपूर्ण संदर्भपुस्तिका फुकट मिळते आणि ती कित्येक विकतच्या पुस्तकांहून सुबोध आहे. ब्राउझरच्या बाजूच्या तंत्रासाठी मोझिलाचे ‘एमडीएन’ हे संकेतस्थळ आहे. पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेत तर काढून टाकलेल्या फंक्शनच्या पानावर ते केव्हा रद्द झाले याचा इशाराच दिलेला असतो. ज्यांच्याकडे चांगला संगणक नाही त्यांनी एसक्यूएलाइट या छोट्या डेटाबेसपासून सुरुवात करावी. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो आणि जुन्या संगणकावरही तो सहज चालतो.

परीक्षेच्या गाइडांना मी नावे ठेवत नाही, कारण परीक्षा तर द्यावीच लागते. मात्र ‘प्रायमरी की म्हणजे काय’ याचे चार ओळींचे उत्तर पाठ असलेला विद्यार्थी कामगारांच्या टेबलात प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखवणारा रकाना) म्हणून नाव वापरतो आणि एकाच खात्यात दोन श्रीनिवास निघाले की गोंधळतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता हसूही येत नाही. पुस्तक विकत घेण्याआधी त्यातील स्वाध्याय पाहावेत. स्वतः टेबल आखायला लावणारा एकही स्वाध्याय नसेल तर ते पुस्तक वाचून उत्तरे येतील, काम येणार नाही.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. आपल्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि वर्गात इंग्रजी अशी कसरत करणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मराठीत लिहिलेली पुस्तके हवीतच, पण त्यातील काहींनी ‘विदागार’, ‘पृच्छा’, ‘आज्ञावली’ असे शब्द वापरून मुलांवर आणखी एक भाषा लादली आहे. डेटाबेसला डेटाबेसच म्हणावे आणि तो कसा चालतो ते साध्या मराठीत समजवावे, असे पुस्तक मला सगळ्यात उपयोगी वाटते. ज्या मुलांना इंग्रजी पुस्तक जड जाते त्यांनी लहान वाक्यांचे, आकृत्या असलेले पुस्तक निवडावे. पाने जास्त म्हणजे ज्ञान जास्त असा हिशेब करू नये.

शेवटी ग्रंथालयांविषयी, कारण गरीब विद्यार्थ्याची निवड तिथेच होते. पुस्तक खरेदी मार्चअखेरीस घाईने, यादीवरून आणि सवलतीचा दर पाहून होते, तेव्हा २००९ चा मजकूर नव्या वेष्टनात कपाटात येऊन बसतो. निर्लेखन करतानाही केवळ साल पाहिले जाते, आणि मग जे टिकाऊ आहे तेच रद्दीत जाते : डेटाबेसच्या मूलतत्त्वांचे जुने, कापडी बांधणीचे पुस्तक बाद होते आणि रद्द झालेल्या फंक्शनचे चकचकीत पुस्तक राहते. शहरातील महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी संगणक विभागाचे कपाट वर्षातून एकदा विषय जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे आणि जी पुस्तके काढता येत नाहीत त्यांच्या पहिल्या पानावर ‘हे पुस्तक पीएचपी ७ पूर्वीचे आहे’ अशी चिठ्ठी तरी डकवावी, अशी माझी विनंती आहे. ज्या ग्रंथपालांना हे करावेसे वाटेल त्यांच्याकडे एखाद्या रविवारी सकाळी मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
सोलापूर