बेड्यांची लाज न धरणाऱ्या ताईस

ठाणे

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

माझे पती जामिनावर घरी आल्यापासून तुमचे आभार मानण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी 'प्रभूचे आभार मान' एवढे बोलून तुम्ही विषय बदललात. प्रभूचे आभार मी रोज मानते. परंतु त्याने ते साहाय्य ज्या हातांनी माझ्या घरी पोहोचवले, त्या हातांविषयी गप्प राहणे मला बरे वाटत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. तुमचे नाव त्यात घातलेले नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. ज्या घरातले माणूस तुरुंगात गेले आहे, त्या घराशी कसे वागावे हे न कळल्यामुळे चांगली माणसेही दूर राहतात, असे मी जवळून पाहिले. त्यांच्याही वाचनात हे पत्र यावे, अशी इच्छा आहे.

पती ज्या कंपनीत हिशेब सांभाळत होते, तेथील अफरातफरीच्या प्रकरणात त्यांचे नाव आले आणि त्यांना अटक झाली. खटला अजून चालू असल्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. ठाण्याचे कारागृह ज्या जुन्या किल्ल्यात आहे, तो पोर्तुगिजांकडून १७३७ साली मराठ्यांनी घेतला, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. त्याच भिंतीबाहेर मुलाखतीसाठी, म्हणजे आतल्या माणसाच्या भेटीसाठी, नाव नोंदवण्याच्या रांगेत आपण उभे राहू, असे कधी मनात आले नव्हते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन होते, म्हणजे त्यांच्यावरील आरोप सिद्ध व्हायचा होता. इमारतीच्या जिन्यात मात्र हा फरक कोणी करत नाही. तेथे अटक झाली म्हणजे निकाल लागला.

त्या संध्याकाळी तुम्ही ऐरोलीहून गाडी पकडून आलात. दारात पाय ठेवताच तुम्ही मुलगी जेवली का, हे विचारलेत. प्रकरण खरे की खोटे, हे तुम्ही तेव्हा विचारले नाही आणि आजतागायत विचारलेले नाही. अनेकांनी फोनवर मला सांगितले की आमचा तुमच्या पतीच्या निर्दोषपणावर पूर्ण विश्वास आहे. त्यांचे शब्द प्रेमाचे होते आणि मी त्यांची ऋणी आहे. पण त्या विश्वासाच्या आड एक अट दडलेली मला जाणवत असे, की तो निर्दोष असेल तरच आम्ही तुमचे. तुमच्या येण्याला अशी अट नव्हती, आणि त्यामुळेच तुमच्यासमोर मला कोणाची बाजू मांडावी लागली नाही.

नंतर मी बायबलमधले, दुःखात पडलेल्या ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचले. अलीफज, बिल्दद आणि सोफर या त्याच्या मित्रांना आपण नेहमी नावे ठेवतो. परंतु आरंभी ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत, हे आपण विसरतो. तोपर्यंत त्यांचे काहीही चुकले नव्हते. ते चुकले ते त्याच्या दुःखामागचे पाप शोधू लागल्यावर. तुम्ही आमच्या घरी तो शोध कधीच सुरू केला नाहीत.

तुम्ही केलेल्या कामांपैकी एक मला सर्वांत जास्त आठवते. आत द्यायच्या कपड्यांत नाडीचा लेंगा चालणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. माझे हात त्या दिवशी कशालाच लागत नव्हते. तुम्ही पलंगावर बसून दोन्ही लेंग्यांच्या नाड्या ओढून काढल्या, नेफ्याची शिवण एका बोटभर उसवली, सेफ्टी पिनेला इलॅस्टिक अडकवून ते सावकाश आत सरकवले आणि टोके जोडून पुन्हा टाके घातले. हे करताना तुम्ही माझ्या मुलीकडून इतिहासाचे प्रश्न पाठ करून घेत होता. प्रेषित पौलाने बंदिवासातून आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला आपला झगा घेऊन ये आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर, असे कळवले आहे. एवढ्या मोठ्या प्रेषितालाही थंडी वाजते आणि कोणीतरी कपडे आणून द्यावे लागतात, हे वचन इतकी वर्षे ऐकूनही मला त्या पलंगावरच समजले.

त्याच पत्रात अनेसिफराचा उल्लेख आहे. आपल्याकडे त्याच्यावर प्रवचन क्वचितच होते, याचे मला वाईट वाटते. त्याने कोणता चमत्कार केल्याची किंवा कोठे मंडळी स्थापन केल्याची नोंद नाही. त्याला पौलाच्या बेड्यांची लाज वाटली नाही, आणि रोमला आल्यावर त्याने मोठ्या कसोशीने शोध करून त्याला गाठले, असे पौल सांगतो. मला या शोधाचे फार मोल वाटते. कैदी कोठे ठेवला आहे हे विचारत फिरणे म्हणजे आपण त्याचे आहोत हे दारोदार सांगणे. तुम्हीही रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्यांना, वकिलाच्या कारकुनाला आणि कोर्टनाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला 'माझ्या भावाचे काम आहे' असे मोठ्याने सांगत होता.

तुमची निष्ठा गोडच होती असे मात्र नाही, आणि त्याबद्दलही मला आभार मानायचे आहेत. मी चर्चमध्ये उपासनेला येणे बंद करण्याचे ठरवले तेव्हा तुम्ही स्पष्ट शब्दांत विरोध केलात. मला त्या वेळी तुमचा रागच आला होता. पुढच्या रविवारी तुम्ही मला पुढच्या बाकावर, स्वतःच्या शेजारी बसवलेत आणि प्रभुभोजनाच्या वेळी माझ्याबरोबर उठलात. उपासना संपल्यावर काही जणी सलाम करायला आल्या. काही आल्या नाहीत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आता काही नाही.

पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला, तेव्हा तुमच्याही हाती काही राहिले नव्हते. शौल राजाचा मुलगा योनाथान होरेशाच्या रानात आपला मित्र दावीद याला भेटायला गेला, तेव्हा आपला बाप दाविदाचा जो पाठलाग करत होता तो तोही थांबवू शकत नव्हता. त्याने देवाच्या ठायी दाविदाचा हात बळकट केला आणि तो घरी परत गेला, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. दावीद रानातच राहिला. त्या भेटीने काय साधले असे कोणी विचारले, तर मी सांगू शकते. पुढच्या मुलाखतीत, सगळीकडून आवाज येत असताना, तुम्ही माझ्या पतीला स्तोत्र २७ ची शेवटची ओळ एवढीच सांगितलीत, की परमेश्वराची प्रतीक्षा कर. त्यांनी ती आतल्या दोन सोबत्यांना शिकवली, असे घरी आल्यावर ते म्हणाले. त्यांतला एक अजून आत आहे, आणि त्याच्या आईला आम्ही दोघे भेटून आलो.

तुमच्या यजमानांचे, भाऊंचेही आभार. तुम्ही आमच्याकडे असताना त्यांनी कितीदा स्वतःच भात टाकून जेवून घेतले, हे तुम्ही कधी सांगितले नाहीत. ते मला तुमच्या सुनेकडून कळले. पौलाने अनेसिफराच्या सबंध घराण्यासाठी दया मागितली, तशीच मीही तुमच्या घरासाठी रोज मागते.

पुढच्या महिन्यात तुमच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. वेळेवर थेंब घालायला मी तुमच्याकडे राहायला येणार आहे आणि स्वयंपाकही मीच करणार आहे. मुलीची सोय तिचे वडील पाहतील. कृपा करून नको म्हणू नका.

तुमची,
ठाण्याची धाकटी बहीण