पडणाऱ्यांतला एक: जे सिल्व्हरहील्स

हॅमिल्टन, ओंटारिओ

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर चांगलाच तणतणलास. तुझ्या पाड्यावरच्या पोरांना सिनेमावाले भाला घेऊन आरडाओरडा करण्यापलीकडे काही देत नाहीत, असली कामं घेऊच नयेत, असं तुझं म्हणणं. मला ते पुरतं पटलेलं नाही. का, ते सांगायला हॉलिवूडच्या एका मूळनिवासी नटाची गोष्ट लिहितो.

आमच्या हॅमिल्टनपासून सिक्स नेशन्स ही मूळनिवासींची राखीव वस्ती गाडीने फार लांब नाही. जे सिल्व्हरहील्स तिथला. मोहॉक जमातीचा, जन्म 1912 चा, मूळ नाव हॅरोल्ड स्मिथ. खेळाडू म्हणून हॅरी स्मिथ. लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा, हा त्याच्या लोकांचा बापजाद्यांपासूनचा खेळ. हॅरी खेळला तो मात्र त्याचा बंदिस्त अवतार. आइस हॉकीची रिंगणं उन्हाळ्यात ओस पडतात म्हणून 1931 च्या सुमारास मालकांनी त्यात लॅक्रॉस आणला. चहूकडून लाकडी फळ्या, हातात जाळीची काठी, आणि समोरच्याला फळीवर रेटायची मुभा! मार खाऊन उठायची तालीम तिथेच झाली म्हण ना. शिवाय गडी बॉक्सिंगही करायचा. 1937 मध्ये संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेला असताना विनोदी नट जो ई. ब्राउनच्या नजरेत भरला, आणि सिनेमात शिरला.

शिरला म्हणजे एक्स्ट्रा आणि स्टंटमन म्हणून. वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या, सिनेमातला 'इंडियन' (अमेरिकेचा मूळनिवासी) बहुतेकदा गोळी लागून घोड्यावरून पडण्यासाठीच असायचा. पडणं केवढ्या कसबाचं काम आहे ते तुला काय सांगायचं? रिकिबीतून पाय वेळेवर सुटला नाही तर घोडा फरफटत नेतो. आणि एवढं करून पडद्यावर बहुधा नाव नाही. वर्षानुवर्षं हेच. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस बऱ्या भूमिका मिळू लागल्या, 1948 च्या 'की लार्गो'त तर हम्फ्री बोगार्टसारख्या बड्या नटाच्या सिनेमात, तेव्हा कुठे चेहरा दिसला.

1950 च्या 'ब्रोकन ॲरो'ची तर कमालच. अपाची सरदार कोचीस कोण, तर ब्रुकलिनचा गोरा जेफ चँडलर, तोंडाला रंग फासून. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. सिल्व्हरहील्सच्या वाट्याला आला जेरोनिमो. तोही अपाचीच! मोहॉक ईशान्येकडच्या जंगल-नद्यांचे, अपाची नैर्ऋत्येच्या उजाड मुलखातले. भाषा, घरं, देवधर्म, सगळं निराळं. पण निर्मात्यांच्या लेखी सगळे सारखेच.

त्याच्याही आधी, 1949 मध्ये, टीव्हीवर 'द लोन रेंजर' ही वेस्टर्न मालिका सुरू झाली होती. नायकाचा साथीदार टोंटो म्हणजे हाच. मालिका 1957 पर्यंत चालली, दोनशेच्या वर भाग. मध्येच 1955 मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तरी बरा होऊन परत खोगिरावर. टोंटोला मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लावत. हा स्वतः अस्खलित बोलायचा. ते त्याला बोचायचं. पुढे त्याच्यावर टीकाही झाली की असला ताबेदार रंगवलाच कशाला. तुझाच मुद्दा, दिगू. पण 1937 साली हॉलिवूडच्या दारात उभ्या असलेल्या पोराला दुसरं काय देत होते, हे टीकाकार विचारत नाहीत.

त्याने काय केलं बघ. टोंटोमुळे घराघरांत नाव झालं होतं. त्याच नावावर साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागात मूळनिवासी नटांसाठी इंडियन ॲक्टर्स वर्कशॉप काढलं. 'आमच्यात नट मिळत नाहीत' ही निर्मात्यांची सबब त्याला मोडायची होती. मला त्याच्या कारकिर्दीत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, टोंटोपेक्षा कितीतरी. आणि टोंटोची त्याने स्वतःच टर उडवली! 1969 मध्ये जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात टोंटो नोकरीच्या मुलाखतीला येतो आणि ठोकळ्यासारखा चेहरा ठेवून जुन्या मालकाकडची कामं मोजतो: शिकार, मासेमारी, शिवणकाम, रात्रभर पहारा. बघच एकदा.

म्हणून म्हणतो, पोरांना काम सोडायला लावू नकोस. पडण्याचे पैसे रोजाहून वेगळे ठरवून घे, आणि भाल्याबरोबर चार वाक्यं माग. संवाद शिकवायला तू आहेसच की.

उतारवयात हा बाबा घोडागाडीच्या शर्यतीत घोडे हाकायचा. टोंटोचा घोडा स्काउट या शर्यतीत पळवणार का, असं कुणी विचारलं तर म्हणे, छे, त्याच्यापेक्षा मीच जोरात पळतो! 1979 मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा मानाचा तारा बसला, 1980 च्या मार्चमध्ये तो गेला.

उरलेलं भांडण फोनवर. वहिनींना नमस्कार, आणि खांदा दाखवून घे आधी.

तुझा,
अव्या