डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला रक्तदाबावरचा लेख वाचला. हृदयाचं काम लेखकाने सोप्या भाषेत सांगितलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘डोकेदुखी, चक्कर, नाकातून रक्त अशी लक्षणं दिसली तर रक्तदाब तपासून घ्या’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंत. लोक लेख विसरतात, चौकट लक्षात ठेवतात. रक्तदाब वाढलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने अशा प्रौढांपैकी 40 टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला हा त्रास आहे हेच ठाऊक नसतं. त्यांनी लक्षणांची वाट बघत बसायचं का?

हे मी रागाने लिहितोय, कारण आमच्या दादाने नेमकं हेच केलं. गोळी चालू होती, आकडा आटोक्यात होता. मग ‘आता डोकं दुखत नाही, गोळी कशाला?’ म्हणून परस्पर बंद केली. वहिनी मागे लागली की ‘मला काही होतंय का?’ असं तिलाच विचारायचा. एके दिवशी सकाळी शर्टाचं बटण लावता लावता उजवा हात लुळा पडला, बोलायला गेला तर जीभ वळेना. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचा आकडा 200 च्या पुढे होता. आज तो काठी घेऊन चालतो, पण बटणं वहिनीच लावते. आदल्या रात्रीपर्यंत त्याचं डोकं दुखलं नव्हतं.

आकडा गोळीमुळे खाली असतो. ती थांबवली की दाब बहुतेक वेळा पुन्हा चढतो, हे लेखात कुठेच नाही. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला सुमारे 5 लिटर, आणि दिवसाला लाखभर ठोके. बारीक धमन्या आवळल्या की तेवढंच रक्त पुढे ढकलायला डाव्या निलयाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला, जास्त जोर लावावा लागतो आणि त्याची भिंत जाड होत जाते. मेंदू, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा इथल्या नाजूक वाहिन्या वर्षानुवर्षं मार खात राहतात. यातलं काहीही दुखत नाही.

शिवाय बीपी मोजायचं कसं, यावर एक ओळ नाही. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली रक्ताभिसरण मांडलं त्यावर अर्धा स्तंभ आहे. दंडाला पट्टा बांधून स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरने 1905 साली सांगितली, ती अजून वापरात आहे, तिचा उल्लेखही नाही. जिना चढून आल्या आल्या, बाहीवरून पट्टा गुंडाळून, गप्पा मारत घेतलेला आकडा काय कामाचा? आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या उंचीवर. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त दिसतो. आणि एकदाच 140/90 आला म्हणून लगेच शिक्का मारायचा नसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून बघायचं असतं.

जाता जाता लेखासोबतच्या हृदयाच्या चित्राबद्दलही. फुफ्फुसधमनी लाल रंगवली आहे. तिच्यातून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ती निळी दाखवतात. दोन्ही निलयांच्या भिंतीही सारख्याच जाडीच्या काढल्यात. डावी कितीतरी जाड असते, सगळ्या शरीराला रक्त तिनेच पोचवायचं असतं. मुलं अशी चित्रं कापून वहीत चिकटवतात, निदान तेवढ्यासाठी तरी छापण्याआधी जाणकाराला दाखवत जा.

पुढच्या पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत एवढं छापा: काही होत नसलं तरी रक्तदाब मोजून घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. दुरुस्त केलेलं चित्रही सोबत द्या.

आपला,
एक नियमित वाचक