पोट वाढते, खांदे नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदरपणातल्या कपड्यांचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: ‘दोन साइज मोठे घे, म्हणजे शेवटपर्यंत पुरतील.’ शिवणकाम आणि कपड्यांच्या दुरुस्तीत रोज हात असणाऱ्या आम्हा साऱ्यांना हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो, आणि त्यात पैसेही जातात. म्हणून हे पत्र.

दोन साइज मोठ्या कुर्त्याचा गळा पसरतो, खांदा दंडावर उतरतो, बाही बोटांपर्यंत येते. एवढे करून आठव्या महिन्यात पुढचा भाग पोटावर ताणलेला तो ताणलेलाच. याचे कारण बेतण्यात आहे. साइज वाढवताना कपडा सगळीकडून वाढवला जातो, गरोदरपणात अंग तसे वाढत नाही. छाती भरते, फासळ्यांचा घेर साधारण ५ ते ७ सेंटिमीटर रुंदावतो, पोट पुढे येते. खांद्याची रुंदी मात्र तीच राहते आणि पाठीत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे खरोखर गरोदरपणासाठी बेतलेल्या कपड्याचा पुढचा भाग पाठीपेक्षा लांब असतो आणि बाजूच्या शिवणीत, पोटाच्या उंचीवर, पुढच्या कापडाला चुण्या असतात. दुकानात कपडा टेबलावर सपाट पसरून बाजूची शिवण बघावी. चुण्या नसतील, छातीखाली योक (आडवा जोड) किंवा झोळ नसेल आणि पुढचे-मागचे कापड सारख्याच लांबीचे असेल, तर तो नुसता मोठा कपडा आहे, लेबल काहीही असो.

दुसरी चूक घाईची. बातमी कळली की लगेच खरेदी होते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर आलेले असते, विसाव्याला बेंबीपर्यंत पोचते आणि छत्तिसाव्याला बरगड्यांच्या जवळ. म्हणजे तिसऱ्या महिन्यात आवडलेला कपडा सातव्यात कसा बसेल याचा अंदाज बांधणे अवघडच. पहिल्या महिन्यांत कंबर घट्ट वाटते ती बहुधा पोट फुगल्यामुळे; सकाळी बसणारी पँट संध्याकाळी बसत नाही, यावरून ते ओळखू येते. त्यासाठी नव्या पँटची गरज नाही. केसांचे रबर काजातून ओवून त्याचा फास करावा आणि दुसरे टोक बटणाला अडकवावे, वरून लांब टॉप घालावा. ताणाने बटणाचा दोरा आधी तुटतो, म्हणून आतल्या बाजूने एक छोटे सपाट बटण ठेवून दोन्ही एकत्र टाचून घ्यावीत. झिप सारखी खाली घसरत असेल, तर तिच्या पुलरच्या भोकात एक बारीक कडी घालून तीही त्याच बटणाला अडकवता येते. एवढ्यावर बऱ्याच जणींचा अठरावा आठवडा गाठला जातो.

सुरुवातीलाच पैसे खर्च करायचे तर ते ब्रेसियरवर करावेत. छाती पोटाच्या आधी वाढते, आणि तिथे घट्टपणा फार त्रासाचा असतो. एरवी नवी ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर बसवून घेतात, कारण इलॅस्टिक पुढे सैल होणारच असते. गरोदरपणात हे उलटे करायचे: आतल्या, घट्ट हुकावर नीट बसणारी घ्यायची, म्हणजे फासळ्या रुंदावतील तसे एकेक हुक बाहेर सरकता येते. हुक संपले की जुन्याच पट्ट्याला जोडायची जास्तीच्या हुकांची पट्टी मिळते, ती लावून कप बसत असेपर्यंत काम भागते. तीन ब्रेसियर पुरतात: एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर. स्तनपानाच्या ब्रेसियर मात्र छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास घ्याव्यात, कपात थोडी जागा ठेवून. दूध उतरल्यावर माप पुन्हा वाढते. त्यांत तार नसलेली बरी. तार एकाच जागी दाबत राहिली तर तिथे दुधाच्या गाठी होऊ शकतात.

आता पँटचे. घरात मापाने नीट बसणारी, कापड चांगले असलेली एखादी जुनी पँट असेल तर तिला पोटपट्टी (कमरपट्टीच्या जागी पोटाभोवती ताणणारी पट्टी) लावणे हा आमच्या मते सर्वांत किफायतशीर मार्ग आहे, आणि साधे शिवणयंत्र चालवता येणाऱ्या कोणालाही ते एका दुपारी जमते. पट्टीसाठी कॉटन-लायक्राचे होजिअरी कापड घ्यावे. खरेदीच्या वेळी त्याची दहा सेंटिमीटरची घडी पंधरापर्यंत ताणावी आणि सोडावी. ती लगेच दहावर आली पाहिजे. बारा-तेरावर रेंगाळली तर ते कापड महिनाभरात लोंबेल. जुन्या टी-शर्टची पट्टी नेमकी याच कारणाने फसते, त्यात लायक्रा नसते. पँट आणि पट्टीचे कापड दोन्ही आधी धुऊन घ्यावे. मग पँट घालून आरशासमोर उभे राहावे आणि खडूने पोटाखालून रेष मारावी: मधोमध कमरपट्टीपासून आठ-दहा सेंटिमीटर खाली, बाजूच्या शिवणीकडे वर चढत जाणारी, आणि पाठीमागे कमरपट्टीच्या लगेच खालून. कापण्याआधी झिप लावून पुढची चीर उभी शिवून टाकावी आणि रेषेच्या खाली आडवी दुहेरी टीप मारावी; नाहीतर वरचा भाग कापला की झिप खालपर्यंत उघडते. धातूची झिप असेल तर रेषेजवळचे दात पकडीने उपटून घ्यावेत, सुई त्यांवरच मोडते.

पट्टी दुहेरी करून शिवायची. तयार उंची बावीस ते पंचवीस सेंटिमीटर हवी, म्हणजे कापड त्याच्या दुप्पट अधिक शिवणीची माया (शिवणीबाहेर राहणारे जास्तीचे कापड). घेर पोटाच्या त्या वेळच्या मापापेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर कमी, आणि कापडाचा ताण आडवा, पोटाभोवती, यायला हवा. पट्टी आणि पँट दोन्हींचे चार-चार समान भाग करून खुणा टाचून घ्या. शिवताना फक्त पट्टी ताणा, पँटचे कापड ताणू नका, नाहीतर शिवण लाटांसारखी होते. टीप झिगझॅग, सुई होजिअरीची, टोक गोल असलेली. सरळ टीप घातलीत तर पहिल्यांदा खाली बसतानाच दोरा तटकन तुटेल, कारण दोरा ताणत नाही आणि कापड ताणते.

पट्टी गुंडाळून खाली येते ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा तिची वरची कड पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर संपलेली असते. तिथे कापडाला धरायला उतार नसतो. पट्टी एकतर पुरती पोटाखाली थांबली पाहिजे किंवा फुगवटा ओलांडून वर गेली पाहिजे. मध्ये थांबणारी पट्टी कितीही चांगल्या कापडाची असली तरी घसरणारच. नाडीच्या किंवा इलॅस्टिकच्या पायजम्याला हे सगळे करावे लागत नाही, पण त्याचे आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची) तपासावे. पोट वाढले की पुढचे कापड वर ओढले जाते आणि आसन कमी पडते; उभे असताना ते कळत नाही, बसल्यावर कळते. काज असलेले इलॅस्टिक घालून आत एक बटण लावले तर दर महिन्याला दोन-तीन सेंटिमीटर सैल करता येते, उसवावे लागत नाही.

कुर्त्याच्या आतली माया बघा. बाजूच्या शिवणींना एकूण चार कडा असतात. प्रत्येक कडेतून दीड सेंटिमीटर सोडले तरी घेर सहाने वाढतो. पाचव्या महिन्यापर्यंत एवढे पुरते. त्यापुढे काखेखालून घेरापर्यंत त्रिकोणी कळी घालावी, किंवा छातीखाली योक असलेला कपडा वापरावा. माया सोडल्यावर जुन्या टिपेची भोके आणि न विटलेल्या कापडाची गडद रेघ दिसते, म्हणून चांगल्या कपड्यावर हा प्रयोग नको. बाजूला चीर असलेल्या कुर्त्यात पोट पुढे आले की चीर फाकते. ती दहा-बारा सेंटिमीटर खाली बंद करून घेणे हा सोपा उपाय. लांबी मोजताना टेप खांद्यापासून पोटावरून खाली न्यावा. पुढचा घेर शेवटच्या महिन्यांत चांगलाच वर उचलला जातो, आणि नेहमीच्या मापाने शिवलेला कपडा पुढून आखूड, मागून लांब दिसतो.

दुकानात कपडा घालून बघताना पोटावर टॉवेलची किंवा ओढणीची घडी बांधावी, आणि मग बसावे, वाकावे, हात वर करावेत. अर्ध्या तासाने काढल्यावर कमरेवर खोल वळ उमटलेला असेल तर तो कपडा नको. घट्ट कंबरेने जळजळ आणि आंबट ढेकर वाढतात, हे अनेकींना जेवणानंतर जाणवतेच. अंगात रक्ताचे प्रमाण वाढलेले असते, उकाडा जास्त जाणवतो, घाम येतो. म्हणून सुती किंवा सुती मिश्रण बरे. निव्वळ कृत्रिम धाग्याच्या कपड्याने छातीखाली आणि पोटाच्या घडीत पुरळ उठू शकते.

किती कपडे लागतात? धुण्याच्या दोन दिवसांमध्ये जितके दिवस जातात त्यात दोन मिळवा, तेवढे टॉप. तिसऱ्या दिवशी धुणे होत असेल तर पाच. पँट किंवा लेगिंग्ज तीन, रात्रीचे दोन. चड्ड्या आठ-दहा, सुती. जुन्याच कमी उंचीच्या असतील तर त्या पोटाखाली बसतात, नव्या घेऊच नयेत. चपला-बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना मापावेत, पुढून रुंद, टाच दोन-तीन सेंटिमीटर, आणि वाकून बांधावे लागणार नाहीत असे. पाय हळूहळू सुजणे नेहमीचे; पण चेहरा-हात अचानक सुजले, डोके फार दुखू लागले किंवा दिसायला धूसर झाले, तर बूट बदलत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.

मैत्रिणीकडून किंवा बहिणीकडून आलेले कपडे घ्यायला काहीच हरकत नाही, उलट तेच आधी मागावेत, कारण हे कपडे काही महिनेच वापरलेले असतात. फक्त इलॅस्टिक तपासा. पट्टी कानाजवळ धरून ताणा. करकर आवाज आला तर आतले रबर तुटले आहे, कपडा वरून नवा दिसत असला तरी. इलॅस्टिक बदलता येते, पण लायक्रा मेलेली लेगिंग्ज परत जिवंत होत नाही.

कपडे शिवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना एक विनंती आहे. लेबलवर साइजबरोबर पुढची लांबी आणि पोटाचा जास्तीत जास्त घेर सेंटिमीटरमध्ये छापा. आणि बाजूला किमान अडीच सेंटिमीटर माया सोडा. ओव्हरलॉक करून माया कापून टाकलेला कपडा सैल करता येत नाही, आणि नेमका तोच परत घ्यावा लागतो.

शेवटचा मुद्दा बाळंतपणानंतरचा, कारण बजेट तिथेच कोसळते. प्रसूतीच्या दिवशी पोट आत जात नाही. गर्भाशयाला मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. त्यामुळे पोटावरून जाणारी पट्टी असलेल्या पँट नंतरही अंगावर राहतात, आणि सिझेरियन झाले असेल तर फारच उपयोगी पडतात: टाके ओटीपोटावर खाली असतात, कमी उंचीच्या पँटची कड नेमकी त्यांवर घासते. टॉपही नंतर दूध पाजताना वापरायचे असतात, म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर घ्यायचा प्रत्येक टॉप पुढून उघडणारा असावा. बटणे चालतील, नाहीतर छातीच्या शिवणीत अठरा-वीस सेंटिमीटरची उभी लपणारी झिप शिंप्याकडून बसवून घ्यावी. एका हाताने, न बघता, ती उघडते आणि बंद होते का हे घेण्याआधी करून बघा. दुसऱ्या हातावर बाळ असणार आहे.

आपल्या,
शिवणकाम व कपड्यांची दुरुस्ती करणाऱ्या काही जणी