बीटलच्या चोकसाठी मेस्तबाबांना जाहीर आभारपत्र

डिचोली, गोवा

आदरणीय मेस्तबाब,

सादर नमस्कार.

आपल्या म्हापशाच्या गॅरेजमधून माझी फोक्सवॅगन बीटल घरी आणली, त्याला आता पूर्ण पावसाळा उलटला. आभार मानायला इतका उशीर झाला याचे कारण एवढेच, की आपण केलेले काम पावसात टिकते का, हे पाहिल्यावाचून लिहायचे नाही असे मी ठरवले होते. ते टिकले. चवथीच्या पहाटे, भर पावसात, सगळ्यांना घेऊन सत्तरीतल्या मूळ घरी निघताना गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत घेतलेल्या या गाडीचे मूळ इंजिन आणि 6 व्होल्टचे वायरिंग वडिलांच्या हयातीतच बदलले गेले. आता तिला 1600 सीसीचे इंजिन, 12 व्होल्टची बॅटरी आणि सोलेक्सचा 34 पिक्ट-3 कार्बुरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, आहे. थंड इंजिन सुरू होताना त्यातली हवा पाकळीने अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो तो चोक; इंजिन तापले की पाकळी उघडावी लागते. हा कार्बुरेटर मुळात इलेक्ट्रिक, म्हणजे विजेने आपोआप उघडणाऱ्या चोकचा, पण मधल्या काळात कोणा कारागिराने तो चोक काढून हाताने ओढायचा बसवला होता. बीटलचे इंजिन मागे आणि ओढायची मूठ पुढे, त्यामुळे मधली लांबलचक केबल आपल्याकडच्या दमट हवेत गंजली आणि मूठ पूर्ण आत ढकलली तरी चोकची पाकळी अर्धी मिटलेलीच राहू लागली. काळा धूर, काजळी धरलेले प्लग आणि डिपस्टिकवरच्या ऑइललाही पेट्रोलचा वास, अशी अवस्था होती. दोघातिघांनी नवा कार्बुरेटर घ्यायला सांगितले होते. आपण एअर क्लीनर उतरवला, पाकळीला बोट लावून पाहिले आणि म्हणालात, "कार्बुरेटर बरो आसा, तो बदलूं नाकात."

त्यानंतरची चूक माझी. पुन्हा इलेक्ट्रिक चोक बसवण्यासाठी आपण त्याचा एलिमेंट, म्हणजे विजेने तापणारा भाग, आणायला सांगितलात आणि दुकानदाराने दिला तो मी न पाहता घेऊन आलो. बसवल्यावर गाडी सुरू व्हायची, पण मिनिटभरही न चालता बंद पडायची. आपण तो उतरवून उजेडात धरलात आणि त्यावरचा 6 व्होल्टचा शिक्का मला दाखवलात. व्होल्टेज दुप्पट झाले की उष्णता चौपट होते, म्हणून इंजिन थंड असतानाच पाकळी उघडत होती. एका शब्दाने न रागावता आपण हे समजावून सांगितलेत, हे मी विसरणार नाही.

12 व्होल्टचा एलिमेंट आल्यावर तो बसवण्याआधी आपण बाकावर ठेवून बॅटरीच्या दोन वायरी जोडल्यात आणि मला नुसते पाहत राहायला सांगितलेत. आतली दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी तापू लागली आणि तिचे आकड्यासारखे टोक घड्याळाच्या काट्याच्या संथपणाने सरकत गेले. इतकी वर्षे गाडी चालवूनही चोक म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. मग तो आकडा पाकळीच्या दांड्यात अडकवून, अर्थिंग नीट मिळावे म्हणून कड्याखालची जागा पॉलिश पेपरने घासून, तीन स्क्रू आवळण्याआधी आपण एलिमेंटची टोपी फिरवलीत. तिची खूण मधल्या रेघेवर न ठेवता किंचित उघडण्याच्या बाजूला ठेवलीत, कारण युरोपातल्या हिवाळ्याला लागतो तेवढा चोक गोव्यात कधीच लागत नाही. हा बारकावा मला कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडला नसता.

चोकची वायर आपण इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) 15 क्रमांकाच्या टोकावरून घेतलीत आणि बजावलेत, की इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवायची नाही, नाहीतर चोक फुकट तापून उघडेल आणि कॉइलही तापेल. तसेच, थंड गाडी सुरू करण्यापूर्वी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे पाकळी मिटते आणि थंड इंजिन थोडे जोरात फिरते ठेवणारा फास्ट आयडलचा पायरीदार कॅम आपल्या जागी बसतो. हे दोन्ही नियम मी पाळतो. मुलगा पहिला नियम अधूनमधून विसरतो आणि गाडीत बसून गाणी ऐकतो.

नव्या कार्बुरेटरचे पैसे आपल्याला सहज घेता आले असते. आपण मजुरी तेवढीच घेतलीत आणि जुनी केबल गुंडाळून माझ्या हातात दिलीत. केबल टाकून दिली. मूठ मात्र जागेवरच ठेवली आहे. नातू मांडीवर बसला की ती ओढतो आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढतो.

पुढच्या महिन्यात व्हॉल्व्हच्या सेटिंगसाठी गाडी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
डिचोलीचा बीटलवाला