सांगलीला छोटा रंगमंच हवा

महोदय,

दर ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो आणि सांगलीकरांची मान उंचावते. १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाठबळ दिलं, म्हणून विष्णुदास भावे इथं ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक उभं करू शकले. त्याच गावात आज कॉलेजची मुलं एकांकिका बसवतात ती कुणाच्या तरी गच्चीवर. गेल्या पावसाळ्यात आमची तालीम तीनदा मोडली.

साठ-सत्तर प्रेक्षकांच्या प्रयोगाला मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी आटोपशीर जागा आहे, तिथं नवं काही करून पाहता येतं, चुकताही येतं. आपल्याकडे तशी एकही नसावी, याचं फार वाईट वाटतं.

स्वतंत्र चित्रपटांचंही तेच. ते इथल्या पडद्यावर आले तरी चार दिवसांत उतरतात. महाविद्यालयांची सभागृहं मात्र संध्याकाळी कुलूपबंद असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ ती उघडी ठेवावीत: एकदा चित्रपट, एकदा नाटक, नंतर कलाकारांशी गप्पा. प्रोजेक्टर आहेत, खुर्च्या आहेत. वीज आणि शिपायाच्या जादा वेळेचा खर्च आम्ही वर्गणीतून उचलू.

— एक नाट्यवेडा, सांगली