जनरल रिलेटिव्हिटीचं पहिलं पुस्तक

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझा भाचा इथंच सोलापुरात फिजिक्स घेऊन टीवायला आहे. त्याला आइनस्टाइनची जनरल रिलेटिव्हिटी (गुरुत्वाकर्षण म्हणजे जागा आणि वेळ यांचं वाकणं, असं सांगणारा सिद्धांत) शिकायचीय, तर कुणीतरी सांगितलं मिस्नर-थॉर्न-व्हीलरच घे, म्हणजे १९७३ चं ते बाराशेच्या वर पानांचं 'ग्रॅव्हिटेशन'. पोरानं पैसे साठवून मागवलं आणि दोन महिन्यांत ते कपाटावर गेलं, खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट अजून ऐंशीव्या पानाच्या आसपासच आहे. परवा म्हणतो, मामा माझ्यात तेवढं डोकंच नाही. जीव तुटला हो ऐकून. पोरगं हुशार आहे, पुस्तकाचा क्रम चुकला.

माझं स्पष्ट मत, आधी हार्टल यांचं 'ग्रॅव्हिटी' (२००३) हे पुस्तक वाचावं. त्यात सूर्याभोवतीची भूमिती आधी हातात देतात, ग्रह कसा फिरेल, प्रकाश किती वाकेल हे काढायला लावतात आणि आइनस्टाइनचं मूळ समीकरण नंतर येतं. ज्याला गणिताची गोडी आहे त्यानं शुट्झ यांचं पुस्तक घ्यावं, तिथं टेन्सर, म्हणजे या सिद्धांताची गणिती भाषा, आधी पक्के करून घेतात. याच विषयावरच्या कॅरोल यांच्या नोट्स नेटवर फुकट आहेत. वाल्ड यांचं पुस्तक एमएस्सी झाल्यावर बघा.

पुस्तक घेताना मी एकच बघतो, हातातून सुटलेला दगड का पडतो ते नीट सांगितलंय का. आपल्याकडं जड वस्तूमुळं जागा वाकते हे समजावताना सगळे चादर ताणून मध्ये गोळा ठेवतात नि गोटी सोडतात, पण ती गोटी घरंगळते ती खालच्या पृथ्वीच्या ओढीनं, मग त्यात समजलं काय? दगड पडण्यात जागेपेक्षा वेळेचं वाकणं जास्त महत्त्वाचं, उंचावरचं घड्याळ जरा पुढं पळतं त्यात सगळं आहे. जीपीएसच्या सॅटेलाइटमधलं घड्याळ उंचीमुळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढं जातं, वेगामुळं ७ मागं पडतं, म्हणजे ३८ चा फरक, तो दुरुस्त केला नाही तर मोबाइलवरचा नकाशा एका दिवसात काही किलोमीटर चुकेल. हे कळलं की पोरांना पुढची दोनशे पानं जड जात नाहीत.

ही पुस्तकं महाग आहेत, प्रत्येकानं विकत घेणं जमत नाही, म्हणून शहरातल्या कॉलेजांच्या लायब्ररीत हार्टल, शुट्झ आणि आपल्या नारळीकर सरांचं रिलेटिव्हिटीवरचं इंग्रजी पुस्तक यांची निदान एकेक प्रत ठेवा, आणि ती कुलूपबंद कपाटात नको, पोरांना घरी नेता आली पाहिजे.

– एक वाचक, सोलापूर